काचेची रवी

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी माझी बायको कामावर गेली. गुडगावला, प्रयोगशाळेच्या जिन्यात ती पडली. तिला रुग्णालयात नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी मयूर विहारहून पोहोचलो तेव्हा ती गेली होती.

आदल्या आठवड्यात तिने अर्क काढला होता. तो फ्रीझरमध्ये होता. गुरुवारी ती तो वापरणार होती.

लोक भेटायला आले तेव्हा मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगून कळलंही नसतं. मला कळायलाच किती वर्षं लागली होती.

मी विज्ञान शिकलेलो नाही. वाईजवळच्या एका गावातून मी दिल्लीला आलो तो मोठ्या सरकारी परीक्षेसाठी. मुनिरक्यात खोली घेतली. खोलीला खिडकी होती आणि खिडकीसमोर दुसऱ्या घराची भिंत, हात बाहेर काढला तर लागेल इतकी जवळ. परीक्षेचे प्रयत्न संपले. परत जाण्याची लाज वाटत राहिली. तेवढ्यात जवळच्याच एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात नोकरी लागली. पुस्तकांत राहायची सवय होतीच, आता ती दुसऱ्यांना काढून द्यायची एवढाच फरक.

ती तिथे संशोधन करत होती. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील मंत्रालयात, शेजारी एकीकडे तमिळ, दुसरीकडे बंगाली. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. तिची मराठी स्वच्छ होती, पण जागोजाग विरलेल्या कापडासारखी. स्वयंपाकघरातले, पाखरांचे, रागलोभाचे शब्द तिच्या हातून कधी गळाले ते तिलाही माहीत नव्हतं.

आमची ओळख झाली ती माझ्या पायामुळे. नियतकालिकांचा एक जाड बांधीव खंड माझ्या हातून निसटून पायावर पडला आणि मी "आई गं" म्हणालो. समोरच्या टेबलावरून एक मान वर झाली.

"तुम्ही मराठी?"

"हो."

"मग मला एक सांगा. ताक करायचं ते लाकडाचं असतं ना, असं असं..." तिने दोन्ही हातांनी दोरी ओढल्यासारखं केलं. "मथनी. आपल्यात काय म्हणतात त्याला?"

"रवी."

"रवी? वो तो लड़के का नाम है, यार." मग तिने जीभ चावली. "सॉरी. यार असंच निघून गेलं."

"मुलाचा रवी वेगळा. ही रवी बाई आहे," मी म्हणालो.

ती इतकी हसली की वाचनकक्षातल्या दोघातिघांनी माना वळवल्या, आणि ग्रंथपालाला, म्हणजे मलाच, तिला गप्प करावं लागलं. दुसऱ्या दिवशी तिने मला प्रयोगशाळेत नेऊन तिची रवी दाखवली. काचेची जाडसर नळी, आणि तिच्यात अगदी घट्ट बसणारी काचेची दांडी, टोकाला गोल. नळीत पेशी घालायच्या, दांडी खाली दाबायची, वर ओढायची. पेशी फुटतात आणि त्यांच्या आतलं सगळं पाण्यात येतं.

"खरी रवी गोल फिरते. ही खालीवर होते," मी म्हणालो.

"चालतंय. आपण दिल्लीत आहोत. इथे सगळं थोडं थोडं दुसरंच असतं."

लग्नानंतर तिच्या आईसमोर ती मला अहो म्हणायची, ग्रंथालयात सर, आणि घरी तू. आई खोलीत आली की वाक्याच्या मध्येच तूचं अहो व्हायचं आणि क्रियापद गडबडायचं. "तू चहा घेणार आहेस का, अहो, घेणार आहात?" आई म्हणायची, "नक्की किती जणांना विचारतेयस?"

तिचं काम तिने मला अशा रीतीने समजावलं होतं. पेशी म्हणजे घर. घरातल्या स्वयंपाकघरात प्रोटीन तयार होतं. कुठलं करायचं त्याची चिठ्ठी आतून येते. आता समज, आपण घर मोडलं. भिंती काढल्या, केरकचरा बाजूला केला, पण स्वयंपाकघर तसंच ठेवलं. गॅस चालू, डबे जागच्या जागी. आपली चिठ्ठी नेऊन दिली की आपल्याला हवं ते प्रोटीन तयार. पेशी जिवंत ठेवायची कटकट नाही. या मोडून ठेवलेल्या स्वयंपाकघराला ती अर्क म्हणायची. तो शब्द मात्र तिचा तिला माहीत होता, कारण लहानपणी आई तिलाच म्हणायची, "ही म्हणजे अगदी अर्क आहे."

"पण हे गव्हापासूनही करतात, जंतूंपासूनही, तू म्हणालीस ना? मग माणसाच्याच पेशी कशाला?" मी विचारलं होतं.

"माणसाचं प्रोटीन आहे म्हणून. मोठं असतं, घड्या घालायच्या असतात. कोपऱ्यावरच्या हलवायाला पुरणपोळी करायला सांग. तो नाही म्हणणार नाही. काहीतरी गोल आणि गोड आणून देईल."

त्या पेशी कुणाच्या, हेही मी विचारलं होतं. ती म्हणाली, "एका बाईच्या. परदेशातल्या. आजारपणात तिच्या अंगातून काढल्या. ती कधीच गेली. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत तिच्याच पेशी वाढताहेत. तिला कुणी विचारलं नव्हतं." मग पुढे, बऱ्याच वेळाने, भाजी चिरता चिरता: "निदान विचारायला तरी हवं होतं."

त्या वर्षांत बाहेरून मागवलेलं एखादं एन्झाइम विमानतळाच्या गोदामात अडकायचं. थर्मोकोलच्या खोक्यात कोरडा बर्फ घालून ते निघायचं आणि कागद पुरे होईपर्यंत बर्फ हवेत उडून जायचा. ती स्वतः गोदामात जायची. खोकं कानाशी धरून हलवायची. आत खडखडलं तर बर्फ शिल्लक आहे. नाही खडखडलं तर ती घरी येऊन काही न बोलता वरणाला फोडणी द्यायची, आणि मला कळायचं.

मग आयातीचे नियम सैल झाले, सगळं उघडत गेलं. खोकी चार दिवसांत दारात येऊ लागली. ग्रंथालयात कॅटलॉगांचे ढीग वाढले, गुळगुळीत कागदाचे, आणि माझ्याकडे जाड खंड मागायला येणारे कमी झाले. गुडगावला मोहरीच्या शेतांच्या कडेने काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्या एका इमारतीत एका नव्या कंपनीने प्रयोगशाळा काढली आणि तिला बोलावलं. त्याच सुमारास आम्हाला मयूर विहारच्या सोसायटीतला फ्लॅट मिळाला. घर यमुनेच्या अलीकडे आणि काम दिल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला. ती सकाळी चार्टर्ड बस धरायची. त्या बसमध्ये ठरलेल्या जागा असत, वाढदिवसाचे समोसे वाटले जात, आणि माझ्या बायकोला सगळे डॉक्टरसाहेब म्हणत आणि गुडघेदुखीवर गोळी विचारत.

"सांगत का नाहीस की तू तसली डॉक्टर नाहीस?"

"सांगितलं रे. वो बोले, कोई बात नहीं, फिर भी बता दीजिए."

संस्था सोडताना तिने तिची काचेची रवी मागून घेतली आणि टॉवेलात गुंडाळून गुडगावला नेली. शब्दही बरोबर गेला. प्रयोगशाळेत कुणी बिहारचं होतं, कुणी केरळचं, कुणी रोहतकचं. सगळे रवीच म्हणायला लागले. एकदा दांडी हातातून सुटली, तडा गेला, आणि कुणीतरी कॉरिडॉरमध्ये ओरडलं, "रवी टूट गई!" खालचा गार्ड मलमपट्टीचा डबा घेऊन धावत वर आला. "कहाँ है मैडम? कौन से रवि जी? गई मतलब?" त्याला काच दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. "मैं भी कहूँ," तो म्हणाला, "रोज़ ढूँढ़ते हैं आप लोग, आते-जाते तो कभी देखा नहीं."

हा प्रसंग तिने घरी येऊन करून दाखवला. गार्डचा आवाज तिला फार छान जमायचा. आता मी तो आठवायला जातो तेव्हा शब्द येतात, आवाज येत नाही.

दुसरी रवी, खरीखुरी लाकडाची, मी गावाहून आणली होती. उन्हाळ्यात रविवारी ती गॅलरीत बसून ताक करायची. गॅलरीतून यमुनेच्या खादरातली, पुराच्या सखल पट्ट्यातली, भाजीची शेतं दिसत. घुसळता घुसळता ती थांबायची आणि म्हणायची, "ऐक. आवाज बदलला." लोणी यायच्या जरा आधी खरंच बदलतो. काचेच्या नळीतही तसंच, ती म्हणायची. आवाज नसतो तिथे, पण हाताला कळतं. थोडं कमी केलं तर पेशी फुटत नाहीत, थोडं जास्त केलं तर आतलं केंद्रकही फुटतं आणि सगळा चिकट लगदा होतो.

अर्क चालतोय की नाही ते बघायची तिची रीतही मला आवडायची. ती त्याला काजव्याची चिठ्ठी द्यायची. काजव्याच्या अंगात जे प्रोटीन प्रकाश पाडतं, त्याची. अर्काने ते तयार केलं की त्यात दुसरं एक द्रव्य घालायचं, आणि यंत्र त्याचा उजेड मोजतं. जितका उजेड तितकं प्रोटीन. काजवा हा शब्दही माझाच. ती जुगनू म्हणायची.

पण अर्क थांबायचा. तासाभराने, कधी त्याच्याही आधी. उजेड वाढत वाढत जायचा आणि मग आडवा व्हायचा. तिची बाकीची सगळी वर्षं या एका तासावर गेली. तिला तो पुढे न्यायचा होता. एक तास चालणाऱ्या अर्कात काजवा होतो, पण औषधासाठी, आजार समजून घेण्यासाठी माणसाची जी मोठी प्रोटीनं हवीत ती पुरेशी होत नाहीत.

तिच्या वरच्या साहेबांचं म्हणणं, इंधन संपतं, आणखी घाला. घातलं. पातळ पडद्याची पिशवी करून बाहेरून सतत पोसून बघितलं. थोडा फरक पडला, फार नाही. एका संध्याकाळी ती बसमधून उतरल्यावर आम्ही दुधाच्या बूथकडे चालत होतो तेव्हा ती म्हणाली, "त्याला भूक नाही लागलेली. डबे भरलेले आहेत. तो करतच नाहीये."

"का?"

"आपण त्याला फोडलं ना. माणसाची पेशी आहे, तिला कळतं की काहीतरी भयंकर झालंय. मग ती एक खूण करते. सुरुवात करून देणारं एक प्रोटीन असतं, त्याच्यावर. खूण झाली की काम बंद. सामान सगळं आहे, पण वो... नाराज़ होके बैठ गया. आपल्यात काय म्हणतात? मुलं करतात ते. जेवणार नाही जा, असं."

"रुसणं."

"रुसणं." तिने शब्द तोंडात घोळवला. "अर्क रुसलाय. रुसलेल्याला आणखी वाढून काय उपयोग?"

"समजूत काढावी लागते."

ती फुटपाथवरच थांबली. "समजूत. हां. समजूतच." तिच्या डोळ्यांसमोर काय होतं ते मला नंतर कळलं. ती खूण पुसून टाकणारंही एक प्रोटीन असतं. पेशी एरवी संकट टळल्यावर ते स्वतःच वापरते. ते वेगळं तयार करून अर्कात घातलं तर? जगात आणखीही कुणीकुणी हा विचार करत होते, तिने तसं वाचलेलं मला आणून दाखवलं. पण आपल्या अर्कात ते करून बघायचं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या प्रोटीनचं नाव समजूत झालं. जेवताना मी विचारायचो, "समजूत कुठवर आली?" ती म्हणायची, "अजून येईना." कधी समजूत नीट बनायची नाही, कधी समजूत चांगली आणि अर्क कच्चा निघायचा. दोन्ही एका वेळी चांगले असा आठवडा येत नव्हता.

तो आला फेब्रुवारीत. समजूत जानेवारीत तयार होऊन बसली होती. शुक्रवारी तिने अर्क काढला, छोट्या छोट्या नळ्यांत भरला, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवला, फ्रीझरमध्ये ठेवला. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "हा छान निघालाय रे. बघ तू, गुरुवारी."

मार्चच्या शेवटी तिची सहकारी घरी आली. तिरुवनंतपुरमजवळची, माझ्या बायकोच्या हाताखाली तयार झालेली. तिने एका पिशवीत माझ्या बायकोचा चहाचा मग आणला होता, खुर्चीवरची शाल, आणि कपाटातल्या जादा चपला. पिशवी टेबलावर ठेवून तिने पाण्याचा पेला हातात घेतला.

"सर, एक बात पूछनी थी. मैडम का एक्सट्रैक्ट है. आख़िरी वाला."

मी मान हलवली.

"वो एक्सपेरिमेंट कर लें? एक बार पिघलाया तो फिर जमाके फ़ायदा नहीं है. सब ख़त्म हो जाएगा."

"तुम नया नहीं निकाल सकतीं?" मी विचारलं.

"निकाला है. दो बार." ती हसली, पण ते हसू अर्धंच आलं. "मेरा वाला आधा घंटा भी नहीं चलता. आगे सीख जाऊँगी. पर समजूत इतनी ही है, और मैडम ने इसी के साथ सोचा था." समजूत हा शब्द तिने बरोबर म्हटला, जरा गोलसर.

तिला मला विचारायची गरज नव्हती. ते सामान कंपनीचं होतं. तरी ती विचारायला आली होती.

मी म्हणालो, "थोडा रुकिए."

ती थांबली. एप्रिल गेला. मी तिला काही कळवलं नाही. मला त्या नळ्या तिथे असायला हव्या होत्या. बाकी सगळं दिवसादिवसाने बदलत होतं. उशीतून तिचा वास गेला. गॅलरीतल्या तुळशीला मी पाणी जास्त घातलं. फ्रीजमधलं तिने घातलेलं लिंबाचं लोणचं मी काटकसरीने खात होतो, तरी बरणीचा तळ दिसायला लागला. आणि यमुनेपलीकडे, दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, एका कपाटात तिच्या हातचं काहीतरी जसंच्या तसं होतं. ज्या क्षणी तिने झाकण लावलं त्या क्षणात थांबलेलं. दुपारी जेवून पडलो की मी मनाने तिथे जायचो. दार उघडायचो, धुकं बाहेर यायचं. एवढंच.

आमच्या एकुलत्या एक मुलीला हे मी एकदा बोलून दाखवलं. ती तेव्हा गुडगावलाच एका कॉल सेंटरमध्ये होती, रात्रभर परदेशातल्या लोकांशी दुसऱ्याच नावाने बोलायची.

मे महिन्यात वीज जायला लागली. गुडगावला तर फारच. एका दुपारी सहकारीचा फोन आला. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला होता, फ्रीझरचा आकडा चढला होता, मग उतरला. "अभी ठीक है, सर. पर मैं वादा नहीं कर सकती."

त्या रविवारी मुलगी माझ्यासमोर बसली. ताटात पोळी तशीच.

"बाबा, आईने तो ठेवायला नव्हता काढला."

"माहीत आहे मला."

"मग?"

"वितळला की संपला."

"ठेवला तरी संपणार. वीज गेली की संपणार, आणि कुणाच्या काही कामी नाही येणार. आईला बघायचं होतं ना, तासाच्या पुढे जातं की नाही? सगळं तर आहे. चिठ्ठी आहे, समजूत आहे, ती दीदी थांबलीय. फक्त तू..." ती अडखळली. "तू ते करतोयस, आई म्हणायची तो शब्द. रूठना. मराठीत काय?"

"रुसणं," मी म्हणालो.

"हां, तेच. तू रुसलायस, बाबा."

इतकी वर्षं मी या घरात गळालेले शब्द उचलून द्यायचं काम केलं. माझ्या हातात असा कुणी परत ठेवला नव्हता. मी पोळीचा तुकडा मोडला. खाल्ला. मग विचारलं, "तुझी दीदी उद्या असेल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गुडगावला गेलो. खालचा गार्ड उठून उभा राहिला आणि त्याने नुसते हात जोडले. जिना मी हळू चढलो. प्रयोगशाळेत वाळत ठेवलेल्या काचसामानात रवी होती. दांडीच्या वरच्या बाजूला तो जुना तडा. कामाचा भाग शाबूत होता म्हणून माझ्या बायकोने ती टाकू दिली नव्हती.

सहकारीने फ्रीझर उघडला. धुकं बाहेर आलं, मी कल्पना केली होती तसंच. तिने एक नळी काढून माझ्या समोर धरली. बर्फाची पूड बोटाने पुसली. झाकणावर तारीख होती, माझ्या बायकोच्या अक्षरात, नऊचं शेपूट आत वळवलेलं.

"सर, पक्का?"

"हो," मी मराठीत म्हणालो. तिला कळलं.

बर्फावर ठेवल्यावर अर्क वितळायला फार वेळ लागला नाही. ताक ठेवलं की वर निवळ येते, तसा दिसत होता. किंचित पिवळसर, गढूळ. एवढासा. इतके महिने मी ज्याच्याकडे मनाने जात होतो ते हे.

तिने दोन भाग केले. दोन्हींत काजव्याची चिठ्ठी, दोन्हींत इंधन. एकात समजूत, एकात नाही. मग थोड्या थोड्या वेळाने त्यातला थेंब थेंब काढून ती यंत्रात ठेवायची आणि आकडा बघायची. मी विचारलं, उजेड डोळ्यांना दिसेल का? ती म्हणाली, नाही, फार थोडा असतो, यंत्रालाच दिसतो. मला वाईट वाटलं. का कोण जाणे, मला वाटलं होतं की दिसेल.

पहिला तासभर दोन्ही सारखेच चढले. मुलगी स्टुलावर बसून नखं कुरतडत होती. तिच्या आईने बघितलं असतं तर हातावर चापट दिली असती. मग समजूत नसलेला थांबला. सहकारीने आकडा वाचला, पुन्हा वाचला, तोच. तिने दुसरा ठेवला. आम्ही तिघंही त्या छोट्या पडद्याकडे बघत होतो.

"बढ़ा है," ती म्हणाली.

पुढच्या वेळी पुन्हा. आणि पुन्हा. आकडा चढत होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुपार झाली. कॅन्टीनमधून राजमा-चावल आला आणि आम्ही तो बाहेरच्या टेबलावर उभ्याउभ्याच खाल्ला. मधूनच सहकारी आत जायची, परत यायची, दारातूनच म्हणायची, "चल रहा है, सर. अभी भी चल रहा है." तिच्या सबंध मल्याळी हिंदीत ते एक वाक्य मला अजून तिच्याच चालीवर ऐकू येतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते म्हणताना ती रडत होती आणि हातमोजे घातल्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते. मुलीने आपल्या ओढणीने पुसले.

उन्हं कलली तेव्हा तोही थांबला. कायमचा चालणार नव्हताच. पण तासाच्या पुष्कळ पुढे गेला होता.

एकदा होऊन भागत नाही, असं माझी बायको नेहमी म्हणायची. म्हणून त्याच आठवड्यात सहकारीने उरलेल्या नळ्या वितळवून पुन्हा पुन्हा करून बघितलं. दर वेळी तसंच झालं. शेवटची नळी वापरायच्या आधी तिने मला फोन केला. मी म्हणालो, करा. फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसलो. खादरात कुणीतरी काकड्या तोडत होतं.

पुढे सहकारीचा हात बसला. आता तिचा अर्क चांगला निघतो, समजूत घालूनच तो वापरतात, आणि त्यात माणसाची मोठी प्रोटीनं तयार होतात. ते पुढे कुठे जातं, कुणाच्या कामी येतं, याची मला नीट माहिती नाही. मी समजून घ्यायचा प्रयत्न करतो, पण समजावणारी नाही. जेवताना मी अजून कधी कधी तोंड उघडतो, "समजूत कुठवर आली" विचारायला.

लाकडाची रवी फडताळात आहे. मी एकटा ताक करत नाही, बूथवरून पिशवी आणतो.

मागच्या हिवाळ्यात सहकारीने मला एकदा बोलावलं. प्रयोगशाळा मोठी झाली आहे. नवी मुलं आहेत, मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. मी दाराशी उभा होतो तेव्हा आतून एका मुलाने दुसऱ्याला विचारलं, "रवी धुल गई क्या?" दुसरा म्हणाला, "सूख रही है."

माझी बायको नाही. तिने काढलेला अर्क संपला. गुडगावच्या त्या प्रयोगशाळेत मराठी बोलणारं आता कुणी नाही, आणि पेशी फोडायच्या काचेच्या दांडीला तिथे रवी म्हणतात.